एका नारळासाठी बदललेला क्राउन

चढाच्या बरोबर मध्यावर गाडी थांबली. आम्ही थांबवली नव्हती. तिची तीच थांबली.

चाकण एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं मागचं गेट. गेटापासून शेडपर्यंत काँक्रीटचा चढ. चढावर आमचा लो-बेड, म्हणजे जमिनीला पोट टेकेल इतका बुटका, लांबलचक ट्रेलर. त्याला ओढणाऱ्या पुढच्या तोंडाला आम्ही कागदावर हॉर्स म्हणतो आणि ड्रायव्हर लोक सरळ घोडा म्हणतात. ट्रेलरवर एका प्रेसचा पाया साखळ्यांनी बांधलेला होता. पत्र्याला दाबून मोटारीचे दरवाजे काढणारं मशीन म्हणजे प्रेस. पाया म्हणजे नुसता लोखंडाचा डोंगर.

आमचा ड्रायव्हर भगवान बीडचा. शांत माणूस. त्यानं क्रॉलर टाकला. पहिल्या गिअरच्याही खालचा, अगदी मुंगीच्या पावलानं नेणारा गिअर म्हणजे क्रॉलर. त्याच्या खाली मग फक्त देव. इंजिन घुमलं, गाडी हातभर सरकली आणि बंद पडली. चाकांमागे लाकडी ठोकळे ठोकले. परत प्रयत्न. परत तेच. तिसऱ्या वेळी क्लच प्लेटचा वास आला. ज्यांना तो वास माहीत नाही त्यांनी तव्यावर विसरलेली रबरी चप्पल डोळ्यांसमोर आणावी.

"सायेब, आता क्लच जाईल," भगवान खिडकीतून म्हणाला. "मी मागंच म्हणलो व्हतो, घोडा आळसावलाय."

कारखान्याच्या प्रोजेक्ट मॅनेजर कुलकर्णी मॅडम हेल्मेट घालून माझ्या शेजारी उभ्या होत्या.

"माने सर, माझी क्रेन आत उभी आहे."

"हो मॅडम."

"आणि तुमची गाडी बाहेर उभी आहे."

"हो मॅडम."

"क्रेन संध्याकाळी दुसऱ्या साइटवर जाणार. पाया आज बसला नाही तर उरलेल्या प्रेस कोण आणणार, ते मला नव्यानं ठरवावं लागेल."

यात धमकी नव्हती. असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी ते हवामान सांगितल्यासारखं सांगितलं. प्रेसची अख्खी लाइन यायची होती आणि ते सगळं काम आमच्या कंपनीला मिळणार की नाही, ते या पहिल्या पायावर होतं. आमच्या शेठनी त्यासाठी कित्येक महिने या कारखान्याच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. आणि त्या चढावर त्यांच्या कंपनीच्या वतीनं उभा होतो मी, हेवी सेक्शनचा मेंटेनन्स मॅनेजर.

यातून सोडवू शकेल असा एकच नंबर माझ्या फोनमध्ये होता. तो वाबळेचा होता. तो लावण्यापेक्षा मी खाली उतरून ट्रेलरला खांदा दिला असता.

वाबळे कोण ते आधी सांगतो.

वाबळे आणि मी एकाच महिन्यात कंपनीत लागलो. दोघंही ऑटोमोबाइल डिप्लोमा. मी औशाकडचा, तो चाकणच्या शेजारच्याच गावचा. मला हेवी सेक्शन मिळाला, म्हणजे लो-बेड, मशिनरी, अवजड माल. त्याला लाइन सेक्शन, म्हणजे कंटेनर आणि हायवेच्या गाड्या. इथपर्यंत सगळं समसमान. इथून पुढे मात्र काहीच समसमान राहिलं नाही.

माझ्या केबिनची खिडकी टॉयलेटकडे उघडते. त्याची कडुनिंबाकडे. मला चहा कागदी कपात येतो. त्याला काचेच्या ग्लासात, आणि पोऱ्या वर विचारतो, "भाऊ, अजून देऊ?" शेठ मला "माने" म्हणतात आणि त्याला "वाबळे" म्हणतात, पण त्या "वाबळे"मध्ये एक ओलावा असतो. तो मी मापू शकतो. पुनावळ्यात शेतं होती तेव्हाच त्यानं तिथे फ्लॅट बुक केला. आज त्यात हिंजवडीचा एक आयटीवाला भाड्यानं राहतो आणि ट्रॅफिकमध्ये अडकला की वाबळेलाच फोन करून रस्ता विचारतो. मी त्याच सुमारास निगडीत राहायला आलो आणि "पुनावळ्यात कोण राहणार, राव," असं चारचौघांत म्हणालो होतो. वाबळेसमोरच म्हणालो होतो. त्यानं तेव्हा मान डोलावली होती. ती मान मला अजून दिसते.

घरी जेवताना मी हे सगळं बोलायचो. एकदा बायको भात वाढता वाढता म्हणाली, "अहो, तुमचं लग्न माझ्याशी झालंय की वाबळ्यांशी? माझ्याबद्दल इतकं कधी बोलला नाहीत."

तरी हे सगळं मी सोसलं असतं. मला मारलं ते फळ्यानं.

शेठच्या केबिनबाहेर एक पांढरा फळा आहे. त्यावर दर आठवड्याला दोन्ही सेक्शनचं अ‍ॅव्हरेज लिहितात. एका लिटर डिझेलमध्ये गाडी किती किलोमीटर जाते, ते अ‍ॅव्हरेज. वाबळेच्या गाड्या सपाट हायवेवर हलका माल नेणार. माझ्या गाड्या लोखंडाचे डोंगर घेऊन गल्लीबोळात शिरणार. त्याचा आकडा माझ्यापेक्षा कायम वर. हे म्हणजे पोस्टमन आणि हमाल यांच्यात कोण जास्त चालतो याची स्पर्धा लावण्यासारखं. कुठल्याही शहाण्या माणसानं शेठना सांगितलं असतं, की दोन कामं वेगळी आहेत, दोन फळे करा. मी नाही सांगितलं. तसं सांगणं म्हणजे हरलो म्हणणं, असं मला वाटायचं.

आणि फळ्याच्या टोकाला नारळ होता. आमच्याकडे खंडेनवमीला यार्डात गाड्यांची पूजा होते. वर्षभर फळ्यावर जो वर, त्याची गाडी रांगेत पहिली उभी राहते आणि तिच्यापुढे पहिला नारळ तो फोडतो. शिवाय शेठ त्याच्या खांद्यावर शाल टाकतात आणि सगळा स्टाफ टाळ्या वाजवतो. इतकी वर्षं मी टाळ्या वाजवत होतो. जोरात वाजवत होतो, कारण हळू वाजवल्या तर लोकांच्या लक्षात येतं.

या वर्षी नवरात्राच्या दोन-तीन महिने आधी माझा एक हॉर्स मागच्या अ‍ॅक्सलच्या कामाला आला. ट्रकच्या मागे वाकून पाहिलंत तर दोन चाकांच्या मध्ये एक मोठा फुगवटा दिसतो. त्याच्या पोटात क्राउन-पिनियन असतात. पिनियन हा लहान दातेरी गट्टू. तो इंजिनाकडून येणाऱ्या लांब शाफ्टच्या टोकाला असतो. क्राउन ही मोठी दातेरी थाळी. ती चाकं फिरवते. शाफ्टनं किती फेऱ्या मारल्या की चाकाची एक फेरी होते, हे या जोडीवर ठरतं.

माझ्या हेवी गाड्यांत शाफ्टच्या जवळपास सात फेऱ्यांना चाकाची एक. वाबळेच्या लाइनच्या गाड्यांत सहाच्याही आत. गिअरची सायकल चालवणाऱ्याला हे कळेल. हलका गिअर टाकला की पाय भराभर फिरतात, सायकल हळू जाते, पण चढ चढते. जड गिअर टाकला की सायकल सपाटीवर सुसाट जाते, पाय निवांत, पण चढावर मांड्या बोलतात. माझ्या गाड्या हलक्या गिअरच्या, त्याच्या जड गिअरच्या. म्हणून त्याचं इंजिन हायवेवर निवांत फिरतं आणि डिझेल कमी पितं.

माझ्या हॉर्सचा एका अ‍ॅक्सलचा क्राउन दात झिजून गेला होता. जसा होता तसाच नवा टाकायचा, एवढंच काम. मी स्टोअरमध्ये गेलो. तिथे शेजारीच वाबळेच्या गाड्यांचे फास्ट सेट ठेवलेले होते. दोघांच्या हॉर्सची बनावट एकच असल्यामुळे ते माझ्या अ‍ॅक्सलमध्ये चपखल बसणार होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. मला त्यात क्राउन दिसला नाही. नारळ दिसला.

हेवी हॉर्सला मागे दोन अ‍ॅक्सल ओढतात आणि दोन्हींत सारखीच जोडी लागते. म्हणून एक खराब असताना मी दोन्ही बदलायला लावल्या. मेकॅनिकनं विचारलं, "साहेब, हे लाइनचे सेट आहेत ना?" मी म्हणालो, "ट्रायल आहे." आमच्या धंद्यात हा एक शब्द उच्चारला की पुढचे प्रश्न थांबतात.

तेवढ्यावर थांबलो असतो तर मी मी नसतो. त्याच वेळी टायरही बदलायला आले होते. मी रिमसकट एक नंबर मोठे टायर घेतले. हिशोब साधा होता. मोठं चाक एका फेरीत जास्त रस्ता कापणार, म्हणजे इंजिनाच्या तितक्याच फेऱ्यांत गाडी आणखी पुढे. दोन्ही बाजूंनी अ‍ॅव्हरेज.

मोठ्या टायरचं दुसरं अंग मला डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं. पाण्यानं भरलेली कळशी कोपराशी धरली तर पेलते. तीच हात लांब करून धरली तर खांदा हात जोडतो. खांदा तोच, कळशी तीच, फक्त हात लांबला. गाडीचा अ‍ॅक्सल हा खांदा आणि टायरची उंची हा हात. टायर मोठा केला की अ‍ॅक्सलचा पीळ तोच राहतो, पण जमिनीवर लागणारा रेटा कमी होतो. फास्ट क्राउननं रेटा आधीच कमी केला होता. वर मी हातही लांबवला. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, पण आठवायचं नव्हतं. हेवा वाटायला लागला की अभ्यासक्रम निम्मा होतो.

गाडी रस्त्यावर आली. मधल्या काळात तिला मोठा माल लागला नाही, किरकोळ मशिनरीच होती. भगवान "आळसावलाय, आळसावलाय" करत राहिला. "नव्या टायरची सवय होऊ दे," मी म्हणालो. टायरला कसली सवय होते देव जाणे.

आणि फळ्यावर माझं अ‍ॅव्हरेज खाली आलं. वर जायचं सोडून खाली. पुढच्या आठवड्यात परत खाली. मी चक्रावलो. मग माझ्या मनात जो विचार आला, तो लिहितानाही लाज वाटते. मला वाटलं, वाबळेची माणसं माझ्या गाडीतून डिझेल काढतायत. मी टाकीला जाडजूड कुलूप लावलं. किल्ली जानव्याला बांधावी तशी गळ्यात घातली. अ‍ॅव्हरेज तसंच राहिलं. कुलूपवाल्याचा मात्र धंदा झाला.

असा तो घोडा घेऊन मी त्या चढावर आलो होतो, खंडेनवमी चार दिवसांवर असताना.

शेवटी फोन लावला. वाबळेनं पहिल्याच रिंगला उचलला. मला तेही आवडलं नाही. माझा फोन लोक पहिल्या रिंगला उचलत नाहीत.

"बोल, माने."

"जरा अडचण आहे. चढावर गाडी घेत नाहीये."

"कुठला गिअर?"

"क्रॉलर."

"तितंच थांब. क्लचला हात लावू नको. आलोच."

तो मोटरसायकलवर आला. गेटवरच्या सिक्युरिटीनं मला सकाळी अर्धा तास आधार कार्ड, पास, हेल्मेट, बूट यांत घोळवलं होतं. वाबळेला पाहून तो उभाच राहिला. "या भाऊ." त्याच्या गावचा निघाला. हेल्मेट त्यानं स्वतः काढून दिलं.

वाबळे माझ्याशी काही बोलला नाही. गाडीभोवती एक फेरी मारली. टायरवर हात ठेवला, त्यावरचा नंबर वाचला. मग खाली वाकून अ‍ॅक्सलकडे पाहिलं. भगवानला विचारलं, "मीटर किती झालं ह्या आठवड्यात?" भगवाननं सांगितलं. त्यानं फोनवर जीपीएसचं अ‍ॅप उघडलं आणि माझ्याकडे वळला.

"माने, क्राउन कुठला टाकलायस रे?"

"का?"

"जीपीएस म्हनतंय गाडी जास्त चालली. तुझा मीटर म्हनतोय कमी चालली. आमच्या लायनच्या सेटला मीटर येगळा लावावा लागतो. त्यो लावलाय का?"

नव्हता लावला. आणि त्याच जागी, त्या उन्हात, माझी ट्यूब पेटली. मीटर रस्ता मोजत नाही. गिअरबॉक्सच्या मागे एक सेन्सर असतो आणि तो शाफ्टच्या फेऱ्या मोजतो. त्याला वाटतं, अजून सात फेऱ्यांनाच चाक एकदा फिरतंय आणि टायर अजून जुन्याच मापाचा आहे. म्हणजे मी फास्ट क्राउन टाकून आणि मोठे टायर लावून जे काही कमावणार होतो, ते माझाच मीटर किलोमीटर कमी दाखवून खात होता. चोर सापडला होता. कुलूप लावायची जागा तेवढी चुकली होती.

"चुकून पडला असेल," मी पुटपुटलो.

"व्हय, पडतं," वाबळे म्हणाला आणि तो विषय त्यानं तिथेच टाकला. "आता वर कसं न्यायचं ते बघू. आपला दुसरा घोडा?"

"एक नाशिकला, एक बार्शीला. तुझा एखादा?"

"माझे सगळे लायनचे. ते बी ह्याच्यासारकेच, वर रिकामे. त्यांची चाकं नुसती फिरतील जागंवर." त्यानं फोन लावला. "बाळ्या, कुठं हायेस? क्रशरवर? टिपर भर. न्हाई न्हाई, रिकामा आणू नको. खडी भरून आण. काटोकाट न्हाई, पासिंगच्या वजनापुरती. आन् लोखंडी दांडा घे वडायचा, वायररोप न्हाई."

कुलकर्णी मॅडम ऐकत होत्या. "ओढायला गाडी आणताय आणि तीही भरून? आणखी वजन कशाला?"

हे मला सांगता आलं असतं. मी तोंड उघडलंही. पण वाबळे आधी बोलला.

"मॅडम, रिकाम्या गाडीचं चाक जमीन धरत न्हाई. मागच्या चाकांवर वजन पायजे, तर पकड येती. आन् टिपर खाणीतलं. त्याचा क्राउन चढासाठीच असतो. पळायला गाढव, वडायला हत्ती."

मॅडम हसल्या. सकाळपासून पहिल्यांदा. मी दहा मिनिटांपूर्वी त्यांना टॉर्क, रेशो, रोलिंग रेडियस असं सगळं समजावलं होतं. तेव्हा त्या घड्याळाकडे पाहत होत्या.

बाळ्या म्हणजे वाबळेचा चुलतभाऊ. टिपर आला. समोर झेंडूची माळ, हौद्यात खडी. मॅडमनी सेफ्टीवाल्यांना बोलावलं, दोरी बांधून माणसं लांब केली, दांडा आणि पिना तपासून घेतल्या. टिपर पुढे, मधे दांडा, मागे माझा घोडा. वाबळे दोन्ही ड्रायव्हरांना दिसेल असा एका बाजूला उभा राहिला आणि हात वर केला.

"भगवान, तू आदी घेऊ नको. दांडा ताठ झाला की मग. दमानं."

हात खाली आला. टिपर गुरगुरला. दांडा ताठ झाला. भगवाननं क्लच सोडला. लोखंडाचा डोंगर हलला आणि चालू लागला, न थांबता, न धक्का देता, वरपर्यंत. त्या वेळी मी देवाचं नाव घेतलं हे खरं आहे. त्याच वेळी मला त्या टिपरचाही हेवा वाटला, हेही खरं आहे.

पाया शेडमध्ये गेला. क्रेननं उचलला. ऊन कलायच्या आत तो जागेवर बसला. मॅडमनी वाबळेसाठी चहा मागवला. दोन कप आले, दुसरा बहुतेक बाळ्याचा होता. तो मी घेतला.

तेवढ्यात शेठ आले. बातमी गेलीच होती.

"माने, काय झालं?"

मी घसा साफ केला. पण वाबळे परत आधी बोलला.

"काही न्हाई शेठ. स्टोअरात लायनचे आन् हेवीचे सेट शेजारी ठेवतो आपण. चुकून लायनचा पडला ह्याच्या गाडीत. उद्याच्याला रॅक येगळा करून घेतो मी."

शेठनी मान डोलावली. विषय संपला होता. मी सुटलो होतो. नोकरीत असा क्षण फार थोड्यांना मिळतो, की चूक तुमची आणि पांघरूण दुसऱ्याचं. शहाण्यानं अशा वेळी चहा प्यावा.

पण मी शेठच्या तोंडाकडे पाहिलं. ते वाबळेकडे पाहत होते. चूक माझीच आहे हे त्यांना कळलेलं होतं आणि हा माणूस सहकाऱ्याला सांभाळून घेतोय हेही कळलेलं होतं. तोच तो ओलावा. म्हणजे चढ यानं चढवला, मॅडमना यानं हसवलं आणि आता मोठ्या मनाचाही हाच. माझ्या चुकीचं श्रेयसुद्धा त्यालाच जाणार. ते मात्र मला सहन होईना.

"चुकून नाही, शेठ," मी म्हणालो. "मी मुद्दाम टाकला. टायरही मुद्दाम मोठे घेतले."

प्रामाणिकपणा वगैरे काही नव्हता. शुद्ध हेवा होता. पण बाहेर पडताना तो प्रामाणिकपणासारखा दिसला, हे कबूल करतो.

"मुद्दाम? कशाला?"

"अ‍ॅव्हरेज वाढवायला. फळ्यावर."

"फळ्यावर?"

"वाबळेच्या वर जायला. नारळासाठी."

शेठनी शांतपणे विचारलं, "आणि वाढलं का अ‍ॅव्हरेज?"

"नाही, शेठ. कमी झालं."

आधी बाळ्या हसला. मग भगवान तोंडावर टॉवेल धरून. मग कुलकर्णी मॅडम दुसरीकडे बघायला लागल्या. त्यांचं हेल्मेट हलत होतं. शेठ हसले नाहीत. "क्लच तुमच्या डोळ्यांदेखत उतरवा आणि जुन्या मापाचा क्राउन तुमच्या डोळ्यांदेखत बसवा. टायरसकट. तोवर घरी लवकर जायचं नाही." एवढंच म्हणून ते मॅडमशी बोलायला गेले.

वाबळे हसत नव्हता. खरोखर गोंधळला होता.

"माने, म्हंजे तू माझ्याशी शर्यत लावली व्हतीस?"

"इतकी वर्षं."

"आयला." त्यानं डोकं खाजवलं. "मला ठावंच न्हाई रे. मी त्या फळ्यावर फकस्त माझंच बघायचो. खाली तुझं लिव्हलेलं असतं व्हय?"

त्या एका वाक्यानं मला चढापेक्षा जास्त थकवलं. ज्याच्याशी मी इतकी वर्षं धावत होतो, त्याला शर्यत चालू आहे हेच माहीत नव्हतं. तो आपला फिरायला निघाला होता.

घरी सगळं सांगितलं. बायकोनं शांतपणे ऐकलं. म्हणाली, "वाबळ्यांना एकदा जेवायला बोलवा. निदान बघू तरी द्या मला सवतीचं तोंड."

खंडेनवमीचा दिवस. यार्ड धुतलेलं, गाड्यांना केळीचे खुंट, झेंडू, हळदीकुंकवाची बोटं. रांगेत पहिली वाबळेची गाडी. माझा घोडा शेवटी, क्लच नवा, क्राउन जुन्या मापाचा, टायर पूर्वीच्या नंबराचे. शाल वाबळेला मिळाली. टाळ्या मी वाजवल्या. या वेळी हळू वाजवल्या, कारण आता लपवायला काही उरलं नव्हतं. वाबळेनं नारळ उचलला, तेवढ्यात शेठ म्हणाले,

"थांबा, वाबळे. नारळ मानेंना द्या."

मला भरून आलं. इतक्या वर्षांनी.

"तुमच्या गाड्या तशाही चालतात," शेठ वाबळेला म्हणाले. "पहिला नारळ मानेंच्या घोड्यापुढे फोडू द्या. गरज तिकडे आहे."

मी नारळ घेऊन रांगेच्या टोकापर्यंत चालत गेलो. सगळा स्टाफ मागून. दगडावर जोरात आपटला. नारळ हातातून निसटला आणि वाबळेच्या पायाशी घरंगळत गेला. त्यानं उचलून परत दिला आणि माझ्या कानाशी म्हणाला,

"पळवू नको, माने. क्रॉलर टाक."

दमानं मारला. फुटला.

पुढचं थोडक्यात. प्रेसचं उरलेलं काम आम्हालाच मिळालं. कुलकर्णी मॅडमनी एक अट लेखी घातली, की माल चढावर असताना वाबळेसर साइटवर हवेत. शेठनी दोन फळे केले, एक लाइनचा, एक हेवीचा. माझ्या फळ्यावर मी कायम पहिला असतो. त्यावर दुसरं नाव नाही. मीटर आता जीपीएसशी ताडून बघतो, आणि टाकीच्या कुलपाची किल्ली गळ्यातून कुठे पडली, ती अजून सापडलेली नाही. मध्ये एकदा ते कापावं लागलं.

नव्या पोरांना मी एवढंच सांगतो. इंजिनाकडे ताकद ठरावीक असते. ती पळण्यात घालवा किंवा ओढण्यात घालवा. क्राउन बदलून, टायर बदलून ती वाढत नाही, फक्त या खिशातून त्या खिशात जाते. तेव्हा आपली गाडी कुठल्या कामाची आहे ते आधी बघा. शेजारची कशी पळते, ते नंतर.

मी स्वतः हे पाळतो का? त्या दिवशी नारळाचा प्रसाद वाटला. खोबऱ्याचा मोठा तुकडा वाबळेला गेला. मी मोजला वगैरे नाही. नुसत्या नजरेनं कळलं.